वेत-कासवाचा शोध: वाझाचलच्या जंगलातल्या प्रकल्प नोंदी

२७ मे

आज सगळं सामान वर आलं. केरळातल्या चालकुडीहून अथिरापल्ली आणि तिथून वाझाचल, पुढचा रस्ता मलक्कप्पारा आणि वालपराईकडे जातो पण आम्ही मधेच थांबतो. परवानग्यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्यात, कारण हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हात लावायचा तरी कलम १२ खालची परवानगी लागते आणि ती मिळायला लागलेला वेळ बघता एकही पान पावसात भिजवायचं नाहीये.

प्रकल्प काय आहे ते एकदा इथे लिहून ठेवते, पुढे नवीन कोणी टीममध्ये आलं तर वाचता येईल. आम्ही शोधतोय केन टर्टल म्हणजे वेत-कासव, शास्त्रीय नाव विजयाचेलिस सिल्व्हॅटिका. फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात सापडतं, केरळ, तामिळनाडू आणि कर्नाटकचा थोडा भाग. पाठ जेमतेम १३ सेंमी, म्हणजे तळहातावर मावतं. कासव म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं, पण हे पूर्ण जमिनीवरचं, सदाहरित जंगलाच्या पालापाचोळ्यात राहतं, बोटांमधे पोहायचे पडदेसुद्धा नाहीत. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत ते धोक्यात आलेल्यांमधे आहे.

आमचा प्रश्न "किती आहेत" हा नाहीये. तो नंतरचा. आधी हे कळलं पाहिजे की एखाद्या ठिकाणी ते असताना आपल्याला दिसायची शक्यता किती. हे कळल्याशिवाय "दुर्मिळ" म्हणायला माझं मन तयार होत नाही, कारण दुर्मिळ आणि न दिसणारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या कासवाच्या बाबतीत त्यांची गल्लत खूप वर्षं झालेली आहे.

१ जून

वस्तीवर बैठक. इथल्या जंगलात राहणाऱ्या कादर या आदिवासी लोकांच्या वस्त्यांना २०१४ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामुळे वनखात्याचा कागद असला तरी ग्रामसभेला विचारल्याशिवाय इथे काम सुरू करणं आम्हाला कुणालाच पटलं नसतं. बैठक लांबली, चांगलीच लांबली. धनेशांच्या घरट्यांची राखण इथली माणसं खूप वर्षं करतायत त्यामुळे संशोधक, फॉर्म, जीपीएस हे काही त्यांना नवीन नाही, उलट आमच्या फॉर्ममधला एक रकाना त्यांनीच काढायला लावला.

तो रकाना होता "कासव पाहणाऱ्याचं नाव". एका आजोबांनी विचारलं, मी सांगितलं की लहानपणी आम्ही हे खायचो, तर ते नाव घालून लिहिणार का? प्रश्न अगदी बरोबर आहे. कायद्याने संरक्षित प्राण्याबद्दल कुणाच्या नावासकट असं लिहून ठेवलं तर तो कागद उद्या कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. रकाना काढला. आता फक्त साधारण वय आणि कुठल्या ऋतूत पाहिलं एवढंच लिहायचं, वस्तीचं नावही नाही. ज्यांच्या भरवशावर माहिती मिळते त्यांनाच तिचा त्रास होणार असेल तर ती माहिती नको.

आमच्याबरोबर वस्तीतले एक चेट्टन आणि एक चेची (मल्याळममधे दादा आणि ताई) येणार आहेत. चेट्टन पन्नाशीच्या पुढचे, थोडं बोलतात. चेची औषधी मुळ्या आणि मध गोळा करायला याच उतारांवर फिरत असते, तिला वाटा जास्त माहिती आहेत असं चेट्टनच म्हणाले.

६ जून

पहिले प्लॉट. २५ मीटर बाय २५ मीटर दोरी लावून आखायचे, मग चौघांनी एका रांगेत गुडघ्यावर बसून पाला हातानं उलटत पुढे सरकायचं. जाड ग्लोव्ह्ज आणि हातभर काठी, कारण याच पाल्यात वर वळलेल्या नाकाचे पिट व्हायपर हे विषारी साप असतात आणि ते हलत नाहीत. उलटलेला पाला परत जिथल्या तिथे पसरायचा, हे मी रोज सांगणार आहे आणि रोज तपासणार आहे, आपण जे घर शोधतोय तेच उसकटून ठेवलं तर काय उपयोग.

प्रत्येक प्लॉटला लिहायचं: पाल्याची जाडी पाच जागी, झाडांच्या छताची सावली, जमिनीचं तापमान, हवेतला दमटपणा, ओढा किती लांब, ईटा आहे का. ईटा म्हणजे बांबूच्या भाऊबंदातला बारीक वेळू, ओढ्याकाठी त्याची बेटं असतात आणि आत माणूस शिरणं कठीण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती माणसांनी किती वेळ शोधलं. कासव मिळो न मिळो हा आकडा सुटता कामा नये.

मिळालं नाही. जळवा मात्र भरपूर, लीच सॉक्सच्या वरून चढून कमरेपर्यंत.

७ जून

रात्रभर पाऊस, सकाळी ओढा ओलांडता आला नाही. वाटेवर हत्तीची ताजी लीद, चेट्टननी तिथूनच परत फिरवलं. शीट्स कॉम्प्युटरवर चढवल्या.

११ जून

पाऊस उसंत देईना म्हणून मुक्कामावर बसून जुने पेपर पुन्हा वाचले, टीममधल्या दोघांनी या कासवाची गोष्ट नीट ऐकली नव्हती त्यांना सांगितली. इथेही लिहून ठेवते कारण आमची सगळी पद्धत त्या गोष्टीतूनच आलेली आहे.

१९१२ मध्ये मद्रासच्या म्युझियमचे हेंडरसन यांनी या कासवाचं पहिलं वर्णन छापलं, तेव्हाच्या कोचीन संस्थानातल्या कवलाईजवळच्या दाट जंगलातून आलेल्या दोन नमुन्यांवरून. नाव दिलं जिओमायडा सिल्व्हॅटिका. आणि त्यानंतर काहीच नाही. ७० वर्षं अभ्यासकांच्या हाती एकही लागलं नाही, पुस्तकांत ते त्या दोन नमुन्यांपुरतंच उरलं.

मग १९८२ मध्ये जे. विजया नावाची पंचविशीही न गाठलेली मुलगी मद्रासहून इथे आली. भारतातली पहिली महिला हर्पेटॉलॉजिस्ट, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांची आणि बेडकांची अभ्यासक, म्हणून तिचं नाव घेतात, सापांच्या आणि मगरींच्या कामात घडलेली, बंगालमध्ये दिघ्याच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची कत्तल चालायची त्याचे फोटो काढून ती गोष्ट देशासमोर आणणाऱ्यांमधली एक. तिने काय केलं तर कादर लोकांना विचारलं, त्यांच्याबरोबर जंगलात राहिली, मुक्काम एका गुहेत, आणि कासव सापडलं. नुसतं सापडलं नाही, ते काय खातं, कुठे लपतं, कसं वागतं यावर तिने एडवर्ड मॉल आणि ब्रायन ग्रूमब्रिज या अभ्यासकांबरोबर लिहिलं, आज आम्ही जे काही गृहीत धरून चालतो त्यातलं बरंचसं तिथूनच येतं. १९८७ मध्ये ती गेली, अवघी २८ वर्षांची होती.

२००६ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं की हे कासव जिओमायडा या वंशातलं नाहीच, त्याचं सगळ्यात जवळचं नातं मेलॅनोचेलिसशी आहे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्रातही तळ्यांमधे दिसणारं काळं कासव ज्यातलं तो वंश. म्हणून नवीन वंश करावा लागला आणि त्याला विजयाचं नाव दिलं, विजयाचेलिस. त्या वंशात ही एकच जात आहे. ही जात गेली तर एक आख्खी फांदी जाईल, इतकं सरळ आहे ते.

आता माझं म्हणणं असं की ती ७० वर्षं कासव हरवलेलं नव्हतंच. कादर लोकांना ते माहिती होतं, ते कुठे असतं कधी बाहेर पडतं सगळं माहिती होतं, विचारायला कुणी आलं नाही एवढंच. म्हणून "पुन्हा शोध लागला" हे वाक्य आमच्या रिपोर्टमधे जिथे जिथे येईल तिथे "अभ्यासकांना पुन्हा सापडलं" असं लिहायचं ठरवलंय.

१५ जून

कॅमेरा ट्रॅपची कार्डं काढली. साळिंदर, पिसोरी, रानकोंबड्या, एक ओलं मुंगूस. कासव नाही, आणि ते येणार नाही हे मी आधीपासून म्हणत होते. हे कॅमेरे अंगाच्या उष्णतेतला फरक पकडतात. कासवाचं शरीर आजूबाजूच्या जमिनीइतकंच गार, वर चाल हळू, त्यामुळे ते लेन्ससमोरून गेलं तरी सेन्सरला काही कळत नाही. दर मिनिटाला आपोआप फोटो काढायच्या सेटिंगवर ठेवता येतं पण मग बॅटरी आणि कार्ड दोन्ही भराभर संपतात आणि हजारो फोटोंत पाल्याच्या रंगाचं कासव पाल्यात शोधत बसावं लागतं. कॅमेऱ्यांचा उपयोग आता फक्त कुठल्या वाटेनं हत्ती जातात ते बघायला, तेवढा मात्र खूप आहे.

अमेरिकेत बॉक्स टर्टल शोधायला शिकवलेली कुत्री वापरतात, ती कासव तोंडात अलगद धरून आणून देतात. इथे हा विचारच नको, राखीव जंगलात कुत्रं न्यायचं म्हणजे रोग आला, रानकुत्र्यांशी गाठ आली, आणि कासवं शोधणारं कुत्रं एकदा तयार झालं की ते उद्या चोरट्या शिकाऱ्याच्याही कामाला येईल.

१९ जून

सापडलं.

सविस्तर लिहिते. सकाळचे दोन प्लॉट रिकामे गेले. तिसऱ्याकडे जाताना उतारावर चेची एकदम थांबली आणि काही न बोलता चेट्टनच्या दंडाला हात लावला. चेट्टन म्हणाले, "मोळे (म्हणजे मुली), हलू नको, तुझ्या डाव्या पायाच्या पुढे बघ." मी बघितलं, मला काही दिसेना. पाला, एक पडकं ओंडकं, त्याला चिकटलेली बुरशी. चेचीनं काठीचं टोक तीन-चार वितींवर धरून दाखवलं तेव्हा त्या पाल्यातलं एक पान तीन धारांचं आहे हे कळलं. पाठीवर मधोमध एक ठळक कणा आणि दोन्ही बाजूंना एक एक, वाळक्या पानाच्या शिरा वाटाव्यात अशा, रंग काशासारखा तपकिरी.

नर आहे. शेपटी जाड, पोटाची ढाल आत दबलेली. तोंड पिवळं, नाकाच्या टोकावर लाल ठिपका, डोळ्याचं बुबुळही लाल, आणि वरचा जबडा पक्ष्याच्या चोचीसारखा खाली वळलेला. विणीच्या काळात नरांचे हे रंग भडक होतात. पोटाची ढाल पिवळी, दोन्ही कडांना एक एक काळा डाग. पाठीची लांबी व्हर्नियरनं ११८ मिमी. वजन स्प्रिंगच्या काट्यावर, पिशवीचं वजा करून. ढालीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, डागांवरून पुन्हा ओळखता येतं का बघायचंय म्हणजे कवचाच्या कडेला खाच पाडायची गरज पडणार नाही. एवढ्या छोट्या प्राण्याच्या कवचाला कानस लावायला मला आवडत नाही, टाळता आलं तर टाळायचंच.

हाताळणी होईल तेवढी थोडी. जमिनीवरची कासवं घाबरली की साठवलेलं पाणी टाकतात, म्हणून धरायचं ते सावलीत, पोटाखालून, मापं पटापट, आणि सोडायचं नेमकं त्याच जागी, तोंडाची दिशासुद्धा तीच. मापाची साधनं प्रत्येक प्राण्यानंतर निर्जंतुक करायची म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला जायला नको. आज सगळं नीट झालं.

त्यानंतर तिथेच उभं राहून एक वाद झाला, म्हणजे भांडण नाही पण जोरात चर्चा. टीममधल्या एकाचं म्हणणं की प्लॉट क्रमांक बदलून ही नोंद तिसऱ्या प्लॉटला जोडू, हातभरच तर बाहेर आहे. मी नाही म्हटलं. कासव प्लॉटमधे मिळालं नाही, ते दोन प्लॉटच्या मधे चेचीच्या नजरेला पडलं, आणि दोरीच्या आत मोजून घातलेला वेळ आणि जाता जाता दिसलेलं कासव हे एकाच हिशोबात आलं तर मग आमचा आख्खा प्रश्नच निकामी होतो. दोन शीट्स वेगळ्या राहतील. दुसऱ्या शीटचं नाव "वाटेवर दिसलेली" आणि तिच्यात कोणी पाहिलं ते नावाऐवजी "वस्तीतली व्यक्ती" की "बाहेरची व्यक्ती" एवढं लिहायचं. मला वाटतं शेवटी हीच शीट जास्त बोलेल.

२० जून

काल सोडताना कवचाच्या मागच्या बाजूला सुती धाग्याचं छोटं रीळ टेपनं लावलं होतं, प्राण्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा कितीतरी हलकं. धाग्याचं एक टोक झाडाला बांधायचं, कासव चाललं की धागा आपोआप सुटत जातो आणि त्यामागून आपण जायचं. रेडिओ कॉलरसारखा खर्च नाही, आणि रेडिओ सांगतो ते कुठे आहे, धागा सांगतो ते कुठून गेलं. ही पद्धत कासवांवर शंभरेक वर्षांपासून वापरतात.

धागा आधी ओंडक्याच्या खालून गेला, मग दोन मुळांच्या मधून, एका ठिकाणी गोल फिरून परत आला. तिथे जमिनीवर पडलेली फळं होती, अर्धी खाल्लेली, पण ती कासवानंच खाल्ली असं म्हणायला पुरावा नाही म्हणून शीटमधे फक्त "फळं पडलेली" असं लिहिलं. हे कासव सगळंच खातं, पडलेली फळं, बुरशी, गोगलगायी, किडे. तिथून सरळ ईट्याच्या बेटात. आत शिरायला पोटावर सरपटावं लागलं आणि तिथे वेळूच्या बुंध्यांमधल्या पाल्यात ते बसलेलं होतं, पाठीचा जेमतेम मधला कणा वर. आमच्या एकाही प्लॉटमधे अशी जागा नाही, कारण दोरी आखता येत नाही म्हणून आपण बेटं वगळून प्लॉट टाकतो. ही अडचण माझी एकटीची नाही, पाल्यातल्या प्राण्यांचे सर्वे करणारे बहुतेक जण अशा झाडीला वळसा घालतात. पुढच्या आखणीत बेटाच्या आतली शोधमोहीम वेगळी लागेल, दोरीशिवाय, ठरलेल्या वेळात.

रीळ काढलं आणि धागा शेवटच्या टोकापर्यंत गुंडाळून परत आणला. सुती असला तरी जंगलात सोडायचा नाही.

२४ जून

पाऊस. चेट्टन रात्री जेवताना नदीबद्दल बोलले. वर पेरिंगलकुत्तूचं धरण १९५७ चं, त्याच्याही वर शोलयार, पलीकडे परंबिकुलमची धरणं. त्या सगळ्यात कादर वस्त्या कितीदा हलल्या ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. अथिरापल्लीच्या १६३ मेगावॉटच्या जलविद्युत प्रस्तावाविरुद्ध वस्तीतल्या बायका-पुरुष पुढे उभे राहिले होते. नदीकाठचा सखल सदाहरित पट्टा म्हणजे वेत-कासवाचं घर, धरणाच्या पाण्याखाली आधी तोच जातो, आणि उरलेला साग-चहाच्या लागवडीखाली गेलेला. उरल्या जंगलात उन्हाळ्यातली आग. कोरडा पाला पेटला की हे कासव पळू शकत नाही, आणि वाचलं तरी लपायला पाला उरत नाही.

बरं, वाढ तरी भराभर व्हावी तर तेही नाही. मादी एका वेळी साधारण दोनच अंडी घालते, तीही तिच्या अंगाच्या मानाने मोठाली, लांबोडकी. समुद्री कासवांसारखी शंभर अंडी घालून दोन-चार वाचली तरी चाललं असं इथे नाही. म्हणून मोठी मादी मेली तर तो तोटा भरून यायला फार काळ लागतो, आणि म्हणूनच एखाद्या वर्षीच्या आगीला "छोटी आग" म्हणणं मला पटत नाही.

२ जुलै

आज डेटावर बसलो. आकड्यांचा हिशोब वस्तीतल्या मुलांनाही सांगितला, त्यांना लगेच कळला. समजा कासव जागेवर आहे, पण एका फेरीत ते दिसायची शक्यता दहात एक. तर एका फेरीत न दिसायची शक्यता ९० टक्के. पाच फेऱ्या करूनही न दिसायची शक्यता ०.९ पाच वेळा गुणून सुमारे ५९ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा आपण "इथे नाही" असं चुकीचं लिहू. दहा फेऱ्यांनंतरसुद्धा साधारण ३५ टक्के. एकदा जाऊन रिकाम्या हाताने आलेला सर्वे जंगलतोडीच्या किंवा धरणाच्या फाईलला जोडला जातो आणि त्यावर लिहिलेलं असतं "प्रजाती आढळली नाही", ते वाक्य किती पोकळ आहे ते या एका गुणाकारात दिसतं. माझ्या मते प्रत्येक पर्यावरण अहवालात "आढळली नाही" च्या शेजारी किती माणसांनी, कुठल्या महिन्यात, किती तास शोधलं हे छापणं सक्तीचं व्हावं.

एका मुलीनं विचारलं, मग आम्ही रोज जंगलात जातो त्या फेऱ्या का नाही धरत? उत्तर नव्हतं माझ्याकडे लगेच. संध्याकाळी टीमनं ठरवलं की धरायच्या. चेचीसारख्या मुळ्या-मध गोळा करणाऱ्यांना खिशात मावेल असं चित्रांचं कार्ड द्यायचं, जंगलात गेलेल्या प्रत्येक दिवसाला एक खूण, कासव दिसलं तर दुसरी खूण, हात लावायचा नाही, फोटोची सक्ती नाही. कामाचे पैसे दिवसाला, कासवाला नाही. कासवामागे पैसे ठेवले की लोक ते उचलून आणायला लागतील किंवा न दिसलेलं दिसलं म्हणतील, दोन्ही वाईट.

जागेचे आकडे. मूळ जीपीएस नोंदी फक्त दोन ठिकाणी राहतील, दोन्ही पासवर्डखाली. फोटोतली लोकेशन काढूनच फोटो पुढे जाईल, आणि ओढा, खडक, वाट ओळखू येईल असा एकही फोटो बाहेर जाणार नाही. पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारात भारतीय कासवांना मागणी आहे आणि दुर्मिळ म्हटलं की भाव वाढतो. जगभर असं झालंय की नव्या जातीची जागा पेपरात छापून आली आणि मागून गोळा करणारे पोचले.

८ जुलै

या टप्प्याचं काम संपलं. दोऱ्या, खुंट्या, टेपचे तुकडे सगळं उचललं, प्लॉटच्या कोपऱ्यावर फक्त झाडाला छोटी पत्र्याची पट्टी ठेवली म्हणजे उन्हाळ्यात तेच प्लॉट परत सापडतील.

पुढचं असं: फेब्रुवारी-मार्चमधे हेच प्लॉट, हीच माणसं, तेवढाच वेळ, कोरड्या पाल्यात. पावसातली आणि उन्हाळ्यातली दिसण्याची शक्यता शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या शीट्सचा अर्धाच अर्थ लागतो. ईट्याच्या बेटांची वेगळी पद्धत लिहून आमच्या मार्गदर्शक सरांना पाठवायची, त्यांचा होकार आला की परवानगीत दुरुस्तीचा अर्ज, तो आत्ताच टाकला तर वेळेत येईल. कार्डं छापायची आहेत, चित्रं वस्तीतला एक मुलगा काढतोय, पहिल्या चित्रात त्यानं कासवाच्या बोटांना पडदे दाखवले होते ते चेचीनं खोडायला लावले. रिपोर्टचा मसुदा आधी मल्याळममधे, ग्रामसभेत वाचून दाखवायला, मग इंग्रजी. चेट्टन आणि चेचीचं नाव रिपोर्टवर लेखक म्हणून घालायचं की नाही ते त्यांनाच विचारायचंय. चेचीनं सांगितलंय की आधी ती पूर्ण ऐकेल आणि मग सांगेल.